मास्तरांच्या कमरेचं माप

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे हं, ती बिचारी कधीच अडगळीत गेली. मी मापाची टेप. साठ इंच लांब, बोटभर रुंद, एके काळी पिवळीधमक होते, आता जुन्या कागदासारखी झालेय. दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या होत्या, त्यातली एकच उरली. सात, आठ आणि नऊ हे आकडे तर पार पुसून गेलेत, कारण धरणाऱ्याचा अंगठा नेमका तिथे पडतो. अर्ध्या गावाच्या कमरा मला तोंडपाठ आहेत, पण आजवर मी कुणाची चहाडी केली नाही. आज मात्र बोलणार आहे. राहवतच नाही, काय करू!

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कापडी पट्टीवर आधी पिवळा लेप, मग काळे आकडे, मग पितळी टोकं. आम्हा बाराजणींना एका पेटीत कोंबलं आणि ती पेटी कुठल्या कुठल्या गोदामांतून फिरत सुया-दोऱ्यांच्या एका दुकानात आली. तिथे दादांनी मला पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, परीक्षाच घेतली. खिशातून लोखंडी पट्टी काढून मला तिच्यावर पाच वेळा सरकवलं आणि दुकानदाराला म्हणाले, "हिचा इंच खरा आहे. हीच द्या." त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दादा म्हणजे दोघा भावांतले थोरले. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला त्यांनीच वाढवलं. शिलाईचं दुकान चालवलं, त्याला शाळेत घातलं, शाळेत जीव रमेना तेव्हा कात्री हातात दिली. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं. माणूस हाडाचा टेलर. त्यांचे हात कसे सांगू! मला गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवायचे, तर त्याला कळायचंही नाही. ओढायचे नाहीत, दाबायचे नाहीत, माझी सुरकुतीसुद्धा अंगठ्याने सरळ करायचे. तसा हात मला पुन्हा लाभला नाही. अजून आठवण आली की जीव कासावीस होतो.

धाकट्याचं लग्न झालं, त्याच्या पुढच्या वर्षी दादांना दूरच्या शहरातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात मुख्य कटरची नोकरी लागली. निघताना त्यांनी दुकानाची किल्ली धाकट्याच्या हातात दिली आणि मला स्वतःच्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातलं. "धाकट्या, हिला कधी खोटं बोलायला लावू नकोस," एवढंच म्हणाले आणि बसमध्ये चढले. धाकटा रस्त्यात उभा राहून लहान पोरासारखा रडला. मी गळ्यातच होते, चिंब भिजले.

तेव्हापासून धाकट्याला सगळे 'मास्तर' म्हणू लागले. मीही म्हणते.

मास्तर वाईट नाहीत हो. कामात चोख. दुसऱ्याच्या कपड्यात अर्धा सूत इकडचं तिकडे झालेलं त्यांना चालत नाही. पण बसणं फार. दुकान पुढे, घर मागे आणि वर माळ्यावर जायचा जिना. सकाळी घरातून दुकानात यायचं ते सतरा पावलांत. मग दिवसभर उंच स्टुलावर बूड टेकून बसायचं. कात्री लागली तर बायकोला "अगं, कात्री दे", बटणं लागली तर "अगं, बटणं दे". आणि गिऱ्हाइकाला सोबत म्हणून पिणं तर विचारू नका. माप द्यायला माणूस आला की शेजारून थंड बाटल्या मागवायच्या, एक त्याला, एक यांना. कपडे न्यायला आला की चहा, दोन चमचे साखर घालून, आणि वर बशीभर बिस्किटं. दिवसात दहा गिऱ्हाइकं आली की दहा वेळा सोबत. माणुसकीला माणूस कुठे नाही म्हणतो?

वीस वर्षं मी त्या गळ्यात लोंबकळत होते. माझी टोकं त्यांच्या पोटावर टेकायची. आधी सरळ लोंबायची, मग थोडी पुढे झुकू लागली, मग तर पोटावर चक्क आडवी पडू लागली. मला सगळं कळत होतं. जगाच्या कमरेला विळखा घातला मी, पण मास्तरांच्या कमरेला एकदाही नाही. फार वाटायचं, एकदा तरी मला स्वतःभोवती गुंडाळतील. पण टेलर स्वतःचं माप कधी घेत नाही. त्यांच्याकडे एक जुना कागदी नमुना होता, चौतीस कमरेचा. स्वतःची पँट बेतायची झाली की तो कागद कापडावर ठेवायचा आणि खडूने रेघ ओढून मोकळं व्हायचं. कुणी विचारलं तर छाती पुढे काढून म्हणायचे, "लग्नात बत्तीस होती. आता फार तर फार चौतीस." आणि गंमत म्हणजे चौतीसच्या नमुन्यावर बेतलेली ती पँट त्यांना दरवेळी झक्क बसायची!

कशी बसायची, ते मास्तरीणबाईंना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि मशीनला ठाऊक होतं. मास्तर बेतायचे, बाई शिवायच्या. कापड हातात आलं की त्या दुकानाकडे पाठ करून बसायच्या. शिवण सोडायच्या अगदी काठाला, आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा दोन्ही बाजूंना त्याच कापडाची पट्टी अशी जोडायच्या, की दहा टेलरांनाही दिसू नये. पुढे पँट धुवायला आली की पुन्हा एक टाका उसवायचा, बोटभर सैल करून पुन्हा शिवायचा. मास्तर सकाळी पँट चढवायचे, पट्टा लावायचे आणि खूश व्हायचे. दुसऱ्याची शिवण डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस, पण आपली पँट उलटी करून पाहावी असं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

मी त्या बाईंना दोष देत नाही. त्यांचं प्रेम फार होतं.

मग एके दिवशी दुपारी दादा परत आले. रिक्षातून उतरले, तेव्हा मास्तरांनी त्यांना ओळखलंच नाही. खांदे गळालेले, हातांच्या काड्या झालेल्या, चेहरा पिवळट आणि पोट मात्र टम्म फुगलेलं. मास्तर स्टुलावरून उडी मारून रस्त्यावर धावले. वीस वर्षांत मी त्यांना धावताना पहिल्यांदा पाहिलं.

"दादा, हे काय झालं रे?"

"लिव्हर गेलं, धाकट्या," दादा हसून म्हणाले. "आतून दगड झालंय म्हणतात."

रस्त्यावर कुजबुज सुरू झाली. लिव्हर म्हटलं की लोकांना एकच गोष्ट सुचते. समोरचा किराणावाला तर तोंडावरच बोलला, "एकटा माणूस, परक्या शहरात. घेत असणार संध्याकाळची." दादांनी ते ऐकलं. ज्या माणसाने आयुष्यात दारूच्या थेंबाला बोट लावलं नाही, त्याने मान खाली घातली. मला एवढा राग आला, की त्या किराणावाल्याचा गळा आवळावासा वाटला. साठ इंच पुरले असते.

मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई होत्या. वयाने तरुण, बोलायला सरळ. त्यांनी दोघा भावांना समोर बसवून सांगितलं, "दारू न पिणाऱ्यांच्याही लिव्हरमध्ये चरबी साठते. बैठं काम, गोड पेयं, वाढलेलं वजन, रक्तातली साखर, कशानेही. दुखत नाही, खुपत नाही. फार तर थकवा येतो, उजव्या बरगडीखाली जड वाटतं. माणूस म्हणतो, वय झालं. काहींच्या लिव्हरला त्या चरबीने सूज येते, सुजेचे वण उठतात आणि वण वाढत वाढत लिव्हर आक्रसून जातं. यांचं तसं झालंय. पोटात पाणी भरलंय ते त्यामुळेच."

"मग औषध द्या की," मास्तर म्हणाले.

"आता औषधाने भागणार नाही. लिव्हर बदलावं लागेल. यादीत नाव घालू, पण यादी लांब आहे. नाहीतर घरच्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं."

मास्तर ताडकन उठून उभे राहिले. "माझा घ्या. कधी झोपायचं सांगा."

रक्त जुळलं. मास्तर हवेतच होते. दादांनी आपल्याला वाढवलं, आता आपली पाळी, असं बाईंना दहा वेळा सांगत होते. मग त्यांची पोटाची सोनोग्राफी आणि आणखी तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकट्याला बोलावलं. एकट्याला म्हणजे मीही होते, गळ्यात.

"मास्तर, तुमचा तुकडा घेता येणार नाही."

"का?"

"तुमच्या लिव्हरमध्येही तीच चरबी आहे. तिसऱ्या हिश्शाहून जास्त. असं लिव्हर कापलं तर तुमच्या जिवाला धोका आणि त्यांना उपयोग नाही."

मास्तरांना खोटंच वाटलं. "काहीतरी गडबड आहे तुमच्या यंत्रात. मला काही होत नाही. माझी कंबर अजून चौतीस आहे!"

"नक्की?"

"अहो बाई, टेलर आहे मी."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी बोट केलं ते थेट माझ्याकडे. "मग टेप गळ्यातच आहे. बघू या."

वीस वर्षं ज्याची वाट पाहिली, तो क्षण असा यावा! मास्तरांनी मला गळ्यातून काढलं आणि पट्ट्याच्या जागी लावू लागले. "तिथे नाही, तिथे पोटाखाली पट्टा बसतो," त्या म्हणाल्या. "शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या मधोमध. पोट आत ओढू नका. श्वास सोडा." मास्तरांनी श्वास सोडला आणि मी त्यांना विळखा घातला. किती लांब गेले मी! चौतीस मागे पडला, छत्तीस, अडतीस, चाळीस. माझ्यावर साडेएक्केचाळीस आलं. मास्तरांनी मला सोडून पुन्हा लावलं. पुन्हा साडेएक्केचाळीस. मी खोटं कशी बोलणार? बोलता आलं असतं तर त्या दिवशी बोललेही असते, इतकं त्यांचं तोंड उतरलं होतं.

"दहा टक्के वजन उतरवलंत तर चरबी पुष्कळ कमी होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे बाकी आजारांसारखं नाही, या पायरीवरून मागे फिरता येतं. तुमचं वजन अठ्ठ्याऐंशी आहे. ऐंशीच्या आत या. तीन-चार महिने लागतील."

"दादाकडे तेवढे महिने आहेत?"

"मी तेवढे मिळवायचा प्रयत्न करते. तुम्ही तुमचं करा."

घरी आल्यावर मास्तरांनी आधी दुकानाचं दार लावलं. खोलीत गेले, पँट काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती उलटी करून उजेडात धरली. जोडलेल्या पट्टीच्या बाजूला सुईच्या जुन्या भोकांच्या रेघा होत्या, एकीशेजारी एक. त्यांनी नखाने मोजल्या.

"अगं ए, इकडे ये. सात वेळा उसवलीस?"

मास्तरीणबाई दारात उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आठ. एक तुम्हाला दिसली नाही."

"का? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं हो एकदा. म्हटलं, पोट सुटलंय. तुम्ही दोन दिवस ताटाला हात लावला नाहीत, तोंड फुगवून बसलात. मला कसंतरी झालं. म्हटलं, मरू दे, एक टाकाच तर सैल करायचाय. घरचा कपडा माणसाला टोचू नये." आणि मग त्यांना हुंदका आवरला नाही. "मला काय माहीत, त्याने दादांचा जीव टांगणीला लागेल?"

मास्तर ओरडतील असं मला वाटलं होतं. पण ते पँट मांडीवर घेऊन खाली बसले. "चूक तुझी एकटीची नाही," म्हणाले. "आणि दादाला यातलं काही कळता कामा नये. त्याला सांग, तपासण्या चालू आहेत."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी जे आरंभलं, ते बघून मीच घाबरले. जेवण बंद. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी पुन्हा काकडी. वजन भराभर उतरलं तेव्हा स्वारी खूश. नवव्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा कोट बेतताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कात्री खडूची रेघ सोडून सरळ छातीच्या तुकड्यातून गेली आणि मास्तर टेबलाला धरून मटकन खाली बसले. तीस वर्षांत त्यांच्या हातून कापड वाया गेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी चांगलं फैलावर घेतलं. "उपाशी राहून भराभर वजन उतरवलंत तर लिव्हरवर उलटा ताण येतो. जेवायचं, पण नीट. थंड बाटल्या बंद, साखरेचा चहा बंद, बिस्किटं, तळण बंद. अर्धं ताट भाज्या. डाळ, अंडी, मासे, जे घरात चालत असेल ते. रोज पाऊण तास घाम येईपर्यंत चालायचं आणि थोडं वजन उचलायचं. आणि मध्येच कुणाच्या सांगण्यावरून काढे, चूर्णं घेऊ नका. कशाने लिव्हर बिघडेल सांगता येत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज."

मास्तरांनी कानाला खडा लावला. सकाळी दुकान उघडायच्या आधी ते चालायला निघू लागले. सवयीने मी गळ्यातच. पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन धापा टाकत परतले. समोरचा किराणावाला दात काढून म्हणाला, "काय मास्तर, रस्त्याचं माप घेताय की काय?" मास्तर म्हणाले, "हो, तुझ्या दुकानापासून टाकी जवळ पडते. उद्या पुढे जाणार." दुसऱ्या महिन्यात टाकी मागे पडली, शाळा मागे पडली, नदीवरचा पूल आला. कापडाची थानं खांद्यावर घेऊन ते दिवसातून दहा वेळा जिना चढू लागले. कात्री लागली तर स्वतः उठू लागले. गिऱ्हाइकांना पाणी मिळू लागलं, फार तर बिनसाखरेचा चहा. दोघे-तिघे रुसले. रुसू देत.

आणि माझे दिवस पालटले! माझ्याइतकं काम गावात दुसऱ्या कुठल्याही टेपला नसेल. रोज सकाळी मी दादांच्या पोटाला, कारण पाणी किती चढलं ते लिहून ठेवायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आणि दर रविवारी मास्तरांच्या कमरेला. दादांचं माप मास्तर घ्यायचे आणि मास्तरांचं बाई घ्यायच्या. मापांच्या वहीत एकाच पानावर दोन रांगा. मास्तरांचे आकडे उतरत होते. साडेएक्केचाळीस, एक्केचाळीस, चाळीस. दादांचे चढत होते. हॉस्पिटलात नेऊन पाणी काढलं की खाली यायचे आणि आठवड्यात पुन्हा चढायचे. तोच विळखा, तेच माझे इंच. एका भावाजवळ मी सुखाने जायचे आणि दुसऱ्याजवळ जाताना मला आखडून लहान व्हावंसं वाटायचं.

दादा खिडकीपाशी बसून हाताने काज करायचे. बोटं थरथरायची, तरी टाका सुटायचा नाही. एका सकाळी मला पोटाभोवती लावताना त्यांनी अचानक मास्तरांचा हात धरला.

"धाकट्या, तू बारीक होतोयस."

"चालतो ना हल्ली."

"मला शिकवू नकोस. पँटच्या पाठीला टाचलेलं दिसतंय मला. डॉक्टरांनी तुझा तुकडा नाकारला होता ना?"

मास्तर माझ्यावरचा आकडा वाचायला खाली वाकले. मग दादाच हसले. "तुला सांगतो, सात वर्षांपूर्वी कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली होती. माझ्या कागदावर लिहिलं होतं, लिव्हरमध्ये चरबी आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मी घडी करून खिशात घातला. म्हटलं, दुखत तर काही नाही. माप चुकतंय हे दिसत असूनही मी बेतत राहिलो बघ. तू चांगलं केलंस, वेळेवर उलटं करून पाहिलंस."

"तूही बरा होणार आहेस. माझा तुकडा बसला की."

"तुझा कापला की पुन्हा वाढतो म्हणे," दादा म्हणाले. "कापड असं असतं तर आपण दोघं कुठल्या कुठे गेलो असतो!" आणि दोघे भाऊ इतके हसले, की दादांना धाप लागली आणि मी त्यांच्या पोटावरून घसरून खाली पडले.

मास्तरीणबाई आता उलट्या कामाला लागल्या होत्या. आपल्याच जुन्या भोकांच्या रेघेवरून शिवण आत आत घेत होत्या. प्रत्येक रेघ ओलांडली की मास्तरांना हाक मारून दाखवायच्या. चौथ्या महिन्यात वजन एकोणऐंशी झालं, कंबर साडेसदतीस. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासण्या केल्या, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आता घेता येईल, मास्तर. बावीस तारीख धरू. वीसला शेवटची एक तपासणी, ती झाली की दोघांनाही भरती करून घेते."

मास्तर घरापर्यंत चालत आले नाहीत, पळत आले. दारातूनच ओरडले, "दादा, बावीस!" दादांनी काजाचं कापड तसंच मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. मास्तर पन्नाशीला टेकलेले, पण त्या दिवशी दादांच्या कुशीत शिरले.

चौदा तारखेला दादांना थंडी वाजून ताप भरला. पोटातल्या पाण्याला जंतू लागले होते. हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांना माणसं ओळखू येईनात. तिसऱ्या दिवशी दुपारी थोडी शुद्ध आली. मास्तर वाकले तसं माझं एक टोक दादांच्या हाताला लागलं. त्यांनी मला चिमटीत धरलं आणि माझी एक सुरकुती अंगठ्याने सरळ केली. अगदी पूर्वीसारखी. मला वाटलं, माणूस परत आला. पण मग ती बोटं तशीच राहिली आणि मास्तरांनी ती एकेक करून सोडवली.

बावीसला अजून सहा दिवस होते.

मास्तरांनी चालणं सोडलं. स्टुलावर बसायचे, काम करायचे नाहीत. कुणी भेटायला आलं की ऐकून घ्यायचे. वीस तारीख आली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आज तपासणीची वेळ दिलीय."

"आता कशाला?"

"दिलीय ना? जाऊन येऊ."

डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. "चरबी जवळजवळ गेलीय," त्या म्हणाल्या. "वण कुठेच नाहीत. चांगलं लिव्हर आहे, मास्तर."

मास्तर टेबलावर उठून बसले. सदऱ्याची बटणं लावायला घेतली आणि हात थांबले.

"एवढं चांगलं करून ठेवलं," ते म्हणाले. "आता हे मी कुणाला देऊ?"

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. त्या खिडकीकडे बघू लागल्या. तेव्हा मास्तरीणबाई पुढे आल्या, मास्तरांचे हात बाजूला करून स्वतः त्यांची बटणं लावू लागल्या आणि म्हणाल्या, "मला द्या. कापून नको. आहे तिथेच ठेवून द्या, माझ्यासाठी."

दादा गेल्यापासून मास्तर तिथे पहिल्यांदा मोठ्याने रडले.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मास्तर रोज पुलापर्यंत जातात, बरोबर बाईही असतात. कधी कंटाळा करतात, कधी कुणाच्या आग्रहाने बशीतली बिस्किटं उचलतात, आणि मग रविवारी मी अर्धा इंच जास्त दाखवते. त्यावर दोघांचं थोडं वाजतं आणि सोमवारपासून पुन्हा सुरू. मी जुनी झालेय. माझ्या कडा सुटल्यात, आकडे दिसत नाहीत. गिऱ्हाइकांच्या मापासाठी मास्तरांनी नवी टेप आणलीय, तीही बरी पोर आहे. मी आता फक्त घरच्यांसाठी. दिवसभर खिळ्यावर असते आणि दादांच्या अंगठ्याची वाट बघते. येणार नाही हे कळतं मला, पण सवय जात नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल, कपाटात नाहीतर शिवणाच्या डब्यात गुंडाळून ठेवलेली. तिला बाहेर काढा. श्वास सोडा आणि ती सांगेल ते एकदा ऐकून घ्या. आणि तुमच्या खिशात घडी केलेला एखादा कागद असेल, तर तो आजच उघडा. दुखत नसलं तरी उघडा. दादांना हे सांगायचं माझ्या फार मनात होतं हो. पण तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते.